सत्य आणि साधार प्रतिपादन : ड्यूईने टाळलेल्या एका शब्दाविषयी

फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञांवर सापेक्षतावादाचा आरोप त्यांच्या उदयापासूनच होत आला आहे. त्याचे स्वरूप थोडक्यात असे : जे विधान व्यवहारात उपयोगी ठरते, किंवा ज्याच्या बाजूने आपल्या समाजाने मान्य केलेली कारणे देता येतात, त्यालाच सत्य म्हणावयाचे ठरविले, तर समाज बदलला की सत्य बदलेल, आणि दोन समाजांत वाद उपस्थित झाल्यास त्याचा निर्णय युक्तीने न होता बळाने होईल. या आरोपाचे खंडनमंडन आपल्याकडे बहुधा निव्वळ युक्तिवादाच्या पातळीवर शिकविले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका ऐतिहासिक प्रसंगाच्या आधारे करावयाचा आहे. १९३७ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जॉन ड्यूई एका चौकशी आयोगाचा अध्यक्ष म्हणून मेक्सिकोला गेला. तर्कशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ तो त्याच सुमारास लिहीत होता व या कामासाठी त्याने ते लेखन बाजूस ठेवले. त्या ग्रंथात 'सत्य' हा शब्द त्याने जवळजवळ टाळला आहे. आयोगाच्या कामात तो टाळता येण्यासारखा होता काय, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. चार्ल्स पर्सने १८७७ व १८७८ साली 'पॉप्युलर सायन्स मंथली' या मासिकात लिहिलेल्या दोन निबंधांत या संप्रदायाचे बीज आहे. पहिल्या निबंधात समजुती स्थिर करण्याच्या चार रीती तो सांगतो : व्यक्तीचा हट्ट, संस्थेची अधिसत्ता, बुद्धीला रुचेल ते ग्राह्य मानणे, आणि विज्ञान. यांपैकी दुसऱ्या रीतीचे त्याने केलेले वर्णन आज वाचताना मन थबकते. राज्याने एक संस्था उभारावी. तिने योग्य मते लोकांच्या कानी सतत घालावीत. विरुद्ध मते कोणास शिकविता, बोलता वा ऐकता येऊ नयेत अशी तजवीज करावी. आणि न मानणाऱ्यांस धाक दाखवावा. ही रीत निष्फळ आहे असे पर्स म्हणत नाही. मोठमोठ्या संस्कृती तिच्यावर उभ्या राहिल्या हे तो मान्य करतो. ती शेवटी ढासळते ती एवढ्याचसाठी की, प्रत्येक विषयावरील मताचे नियमन कोणत्याही संस्थेला करता येत नाही. आणि अन्य देशांत व अन्य काळी लोकांची मते निराळी होती, हे काही माणसांच्या ध्यानात येतेच. म्हणून जिच्यावर आपल्या विचारांचा परिणाम होत नाही अशा एखाद्या वस्तूने समजूत निश्चित व्हावी, अशी रीत हवी. दुसऱ्या निबंधात त्याने सत्याची व्याख्या केली ती याच धोरणाने : शोध घेणारे सर्वजण अखेरीस ज्या मतावर एकत्र येणे अटळ आहे ते मत सत्य, आणि त्या मताचा विषय ती वस्तुस्थिती.

त्याच निबंधात एका हिऱ्याचे उदाहरण आहे. कापसाच्या गादीत एक हिरा तयार झाला आणि कोणी त्यावर ओरखडा काढून पाहण्यापूर्वीच जळून गेला. तो कठीण होता की मऊ? १८७८ साली पर्सचे उत्तर असे होते की, हा प्रश्न वस्तुस्थितीचा नसून शब्दांच्या सोयीचा आहे. या उत्तराकडे आपणांस शेवटी परत यावयाचे आहे.

विल्यम जेम्सने बोस्टन व न्यूयॉर्क येथील व्याख्यानांवरून १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रॅग्मॅटिझम' या पुस्तकाने हा विचार गाजविला आणि बिघडविलाही. कल्पनेच्या ठायी सत्य हे निसर्गतःच वसत नसते. ती पडताळली जाते तेव्हा ते तिला प्राप्त होते, असे जेम्सचे म्हणणे. पडताळा केवळ क्षणिक सोयीचा नव्हे, तर एकंदरीत व दीर्घकाळ टिकणारा हवा, ही पुस्तीही त्याने जोडली होती. टीकाकारांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. तथापि उपयुक्त असत्ये असतात आणि निरुपयोगी सत्येही असतात, हा जी. ई. मूरने १९०८ साली घेतलेला आक्षेप त्या पुस्तीने दूर होत नाही. बर्ट्रांड रसेलने १९०९ साली त्याही पुढे जाऊन सुचविले की, या मताप्रमाणे तत्त्वज्ञानातील अंतिम लवाद म्हणून चिलखती जहाजे आणि मॅक्सिम तोफा यांनाच बसवावे लागेल. हा उपहास आहे. पण ज्या शतकाच्या आरंभी तो लिहिला गेला, त्या शतकाने त्यास पुष्कळ अर्थ प्राप्त करून दिला.

न्यायदर्शनाशी परिचित असलेल्या वाचकास येथे एक जुना भेद आठवेल. ज्ञानाचे प्रामाण्य प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्या ज्ञानास अनुसरून केलेली प्रवृत्ती सफल झाल्याने, कळते असे नैयायिक मानतात. परंतु प्रामाण्य म्हणजेच साफल्य, असे ते मानीत नाहीत. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचे यथार्थत्व. साफल्य हे त्याचे ज्ञापक, स्वरूप नव्हे. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, यावरून ते पाणी होते असे अनुमान करावयाचे. तहान भागल्यामुळे ते पाणी झाले नाही. 'फलप्रामाण्यवाद' या मराठी नावात या दोन्ही अर्थांना जागा असल्याने ते वाचकास थोडे फसविते. जेम्सच्या लेखनात ज्ञापक आणि स्वरूप यांची सरमिसळ आहे यात शंका नाही. ड्यूईच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही.

ड्यूईचा 'लॉजिक : द थिअरी ऑफ इन्क्वायरी' हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्ञानाची व सत्याची जागा त्याने एका नव्या पदाला दिली. चौकशी पूर्ण झाल्यावर, तिने पुरविलेल्या आधारावर, एखादे विधान मांडण्याचा जो अधिकार आपणांस प्राप्त होतो त्याला साधार प्रतिपादनीयता असे म्हणता येईल. चौकशी म्हणजे अनिश्चित परिस्थितीचे निश्चित परिस्थितीत केलेले नियंत्रित रूपांतर. सत्याविषयी म्हणाल तर एका तळटीपेत, तर्कशास्त्राच्या दृष्टीने आपणांस माहीत असलेली सर्वोत्तम व्याख्या पर्सची आहे, एवढे सांगून ड्यूई पुढे जातो. शब्द टाळण्यामागील त्याचा हेतू समजण्यासारखा आहे. 'सत्य' या शब्दाला चिकटलेली पूर्णतेची, अंतिमतेची छटा त्याला नको होती. ज्या निष्कर्षाची पुन्हा तपासणी होऊ शकते असाच निष्कर्ष त्याला हवा होता.

आता मॉस्कोकडे वळू. ऑगस्ट १९३६ मध्ये तेथे झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह व इतर चौदा जणांवर खटला चालला. परदेशात हद्दपार असलेला ट्रॉट्स्की आणि त्याचा पुत्र सेदोव्ह यांच्या सूचनेवरून सोव्हिएत नेत्यांच्या हत्येचा कट रचल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पुरावा मुख्यतः आरोपींच्या कबुलीजबाबांचाच. गोल्ट्समान नावाच्या आरोपीने सांगितले की, नोव्हेंबर १९३२ मध्ये आपण कोपनहेगनला गेलो, 'हॉटेल ब्रिस्टॉल'च्या दिवाणखान्यात सेदोव्हला भेटलो आणि तेथून ट्रॉट्स्कीकडे गेलो. सोळाही जणांना गोळ्या घालण्यात आल्या. थोड्याच दिवसांत डॅनिश समाजवादी पक्षाच्या दैनिकाने प्रसिद्ध केले की, कोपनहेगनमधील हॉटेल ब्रिस्टॉल १९१७ सालीच पाडण्यात आले होते. जानेवारी १९३७ मधील दुसऱ्या खटल्यात प्याताकोव्हने, आपण डिसेंबर १९३५ मध्ये बर्लिनहून विमानाने ऑस्लोला जाऊन ट्रॉट्स्कीला भेटलो, असे सांगितले. त्या महिन्यात तेथील विमानतळावर एकही परदेशी विमान उतरले नसल्याचे नॉर्वेतून जाहीर झाले.

हे खटले सर्वांनाच खोटे वाटले असे समजू नये. अमेरिकेचा राजदूत जोसेफ डेव्हिस स्वतः वकील होता. दुसऱ्या खटल्यास तो हजर होता आणि आरोप सिद्ध झाला असे त्याचे मत झाले. उघड न्यायालय, परस्परांशी जुळणारे कबुलीजबाब, वार्ताहरांची उपस्थिती, यांवरून तसे मत होणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. समाजमान्य कारणांच्या मोजपट्टीने मोजले तर फार मोठ्या जनसमूहाची ती साधार समजूत होती.

ट्रॉट्स्की त्या वेळी मेक्सिकोत कोयोआकान येथे फ्रिडा कालोच्या निळ्या घरात राहत होता. तेथे १० ते १७ एप्रिल १९३७ या काळात ड्यूईच्या अध्यक्षतेखाली प्राथमिक चौकशीच्या तेरा बैठका झाल्या. सोव्हिएत पक्षालाही उलटतपासणीचे निमंत्रण होते. ते स्वीकारले गेले नाही. कार्लटन बील्स या सदस्याने सहकाऱ्यांवर पक्षपाताचा आरोप करून मध्येच राजीनामा दिला. आयोगाची कार्यपद्धती मात्र तर्कशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सेदोव्ह त्या दिवसांत बर्लिनमध्ये होता हे ठरविण्यासाठी तेथील तंत्रविद्यालयातील त्याची प्राध्यापकांच्या सह्या असलेली वही, फ्रान्समध्ये त्याला आईवडिलांची भेट घेता यावी म्हणून आईने फ्रेंच पंतप्रधानांस केलेली तार, कोपनहेगनमध्ये त्या वेळी हजर असलेल्यांच्या साक्षी, असे एकेक साधन तपासले गेले. पाडलेल्या हॉटेलाच्या उत्तरादाखल, दुसऱ्या एका हॉटेलाजवळ 'ब्रिस्टॉल' नावाचे मिठाईगृह होते असा खुलासा साम्यवादी वृत्तपत्रांतून पुढे आला होता. आयोगाने तोही झटकून टाकला नाही. त्या जागेची छायाचित्रे व साक्षी यांच्या आधारे तपासून मगच तो अमान्य केला. डिसेंबर १९३७ मध्ये आयोगाने निर्णय जाहीर केला आणि पुढील वर्षी 'नॉट गिल्टी' या नावाने तो ग्रंथरूपाने निघाला.

ड्यूईच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर मॉस्को येथेही एक अनिश्चित परिस्थिती निश्चित करण्यात आली होती. मग ती चौकशी का नव्हे? त्याचे उत्तर 'लॉजिक'मध्येच सापडते. संशय हा परिस्थितीचा धर्म आहे. परिस्थिती तशीच ठेवून केवळ माणसाच्या मनातील संशय मिटविणे म्हणजे चौकशी नव्हे, ती विकृती होय. मॉस्कोत बदलण्यात आले ते साक्षीदार. पर्सच्या दुसऱ्या रीतीचेच हे उदाहरण. तेव्हा फलप्रामाण्यवादी मनुष्याला या खटल्यांविरुद्ध काही बोलता येत नाही, हा रसेलपंथीयांचा ग्रह येथे चुकीचा ठरतो. तोफांचे मत आणि तपासणीचे मत यांत ड्यूई काटेकोर भेद करतो आणि तो भेद त्याच्या व्याख्येतूनच निघतो.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. १९३९ साली ड्यूईवरील गौरवग्रंथात आणि पुढे १९४० च्या 'ॲन इन्क्वायरी इंटू मीनिंग अँड ट्रूथ' मध्ये रसेलने आक्षेप घेतला तो गतकाळाविषयीच्या विधानांवर होता. मी सकाळी कॉफी घेतली काय, असे कोणी विचारले तर साधा माणूस आठवून पाहील. ड्यूईच्या शिष्याला मात्र उत्तराचे परिणाम काय होतात ते पाहीपर्यंत थांबावे लागेल, अशी थट्टा त्याने १९४५ च्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात केली. थट्टा अन्याय्य आहे, कारण आठवून पाहणे हीही ड्यूईच्या मते एक चौकशीच. परंतु तिच्या पोटातील मुद्दा खरा आहे. चौकशीच्या आधी, चौकशी होवो न होवो, कॉफी घेतली गेली होती किंवा नव्हती. १९४१ साली 'जर्नल ऑफ फिलॉसॉफी'त दिलेल्या उत्तरात ड्यूई म्हणतो की, आपणही अनुरूपतेचा सिद्धांत मानतो. मात्र किल्ली जशी कुलपाला जुळते किंवा उपाय जसा अडचणीला, तशी अनुरूपता आपल्याला अभिप्रेत आहे. हा दृष्टांत देखणा आहे. पण नोव्हेंबर १९३२ मध्ये सेदोव्ह कोपनहेगनमध्ये होता की नव्हता, या प्रश्नातील कुलूप कोणते हे त्यावरून स्पष्ट होत नाही. (हा वाद चालू असतानाच, १९४० साली, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील रसेलची नेमणूक न्यायालयाने रद्द केली, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत ड्यूई अग्रभागी होता. विद्वानांच्या भांडणात असा शिष्टाचार विरळा.)

ड्यूईनंतर या प्रश्नाला सर्वांत तीव्र वळण दिले ते रिचर्ड रॉर्टीने. १९९२ च्या एका आत्मकथनपर निबंधात तो सांगतो की, बारा वर्षांचा असताना घरच्या कपाटातील ड्यूई आयोगाच्या अहवालाचे दोन तांबड्या बांधणीचे खंड त्याला, इतर घरांतील मुलांना बायबल वाटावे तसे वाटत. त्याचे वडील आयोगाबरोबर मेक्सिकोला जावयाचे थोडक्यात राहिले होते. अशा घरात वाढलेल्या रॉर्टीने १९७९ च्या 'फिलॉसॉफी अँड द मिरर ऑफ नेचर'पासून सत्याला समर्थनापलीकडे स्वतंत्र आशय नाही असे प्रतिपादन केले. समर्थन म्हणजे आपल्या बरोबरीच्या लोकांसमोर दिलेली कारणे. 'साधार आहे, पण कदाचित सत्य नसेल' असे आपण म्हणतो तेव्हा, उद्या अधिक चांगला श्रोतृवर्ग भेटेल एवढीच सावधगिरी आपण व्यक्त करतो, असे त्याचे स्पष्टीकरण. मॉस्कोच्या कबुलीजबाबांची छाया ज्या कादंबरीवर पडली आहे, त्या ऑर्वेलच्या १९४९ मधील कादंबरीवर रॉर्टीने १९८९ साली लिहिले. तेथे तो म्हणतो की, दोन आणि दोन चार हे सत्य आहे की नाही याला महत्त्व नाही. ते आपणांस वाटत असेल तर इजा न होता बोलता यावे, याला महत्त्व आहे. छळलेल्या माणसाच्या बाजूने बोलताना त्या माणसाचा मुख्य आधारच येथे निसटतो, असे जेम्स कॉनंटने २००० साली दाखविले. स्वातंत्र्याची काळजी घ्या, सत्य आपली काळजी आपण घेईल, हे रॉर्टीचे त्यावरील उत्तर उदार आहे. पण गोळी घातलेल्या गोल्ट्समानच्या बाबतीत काळजी घ्यावयास स्वातंत्र्य उरलेच नव्हते. हिलरी पटनमने १९८१ साली सत्य म्हणजे आदर्श परिस्थितीतील बुद्धिग्राह्यता, असा मधला मार्ग काढला होता. पुढे त्याने तो स्वतःच सोडला.

रॉर्टीच्या 'बरोबरीच्या लोकां'विषयी महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत असताना डॉ. आंबेडकरांनी ड्यूईची व्याख्याने ऐकली आणि १९३६ साली, म्हणजे पहिल्या मॉस्को खटल्याच्याच वर्षी, प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण नमूद केले. जात पाळणारे लोक दुष्ट किंवा अविचारी आहेत म्हणून जात पाळतात असे नव्हे. शास्त्रांवरील श्रद्धेमुळे पाळतात, असे त्यांचे निदान होते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगावयाचे तर जातिभेदाची समजूत त्या समाजात साधार होती. मान्य प्रमाणग्रंथ, मान्य पंडित आणि मान्य आचार तिच्या पाठीशी होते. फक्त ज्यांच्याविषयी ती समजूत होती त्यांना 'बरोबरीचे लोक' म्हणून बसावयास जागा नव्हती. म्हणूनच त्यांनी हल्ला केला तो त्या आधारांच्या अधिकारावर. रॉर्टीच्या अनुयायाला येथे म्हणता येईल की, सुधारक 'आपण' या शब्दाची व्याप्ती वाढवितो. ते खरेच आहे. परंतु व्याप्ती का वाढवावी याचे कारण, जन्मावरून माणसाची योग्यता ठरते हे विधान, सर्वांनी मानले होते तेव्हाही, खोटे होते, यावाचून दुसरे कोणते देता येईल? ड्यूईच्या शिष्याने येथे गुरूपेक्षा स्पष्ट शब्द वापरले, असे मला वाटते.

या कथेला एक उत्तरार्ध आहे आणि आयोगाचे गौरव करणारे लेखक तो बहुधा सांगत नाहीत. हार्वर्ड विद्यापीठात ठेवलेली ट्रॉट्स्कीची कागदपत्रे जानेवारी १९८० मध्ये संशोधकांस खुली झाली. पियेर ब्रुए या फ्रेंच इतिहासकाराने त्याच वर्षी त्यांतील पत्रांवरून दाखविले की, १९३२ साली सोव्हिएत देशातील विरोधी गटांची एक आघाडी खरोखर आकार घेत होती, तिच्यात झिनोव्हिएव्हचे अनुयायी होते, आणि माहितीची देवाणघेवाण करण्यास ट्रॉट्स्की व सेदोव्ह यांनी तिच्याशी संबंध जोडला होता. असा राजकीय संपर्क ट्रॉट्स्कीने आयोगासमोर नाकारला होता. हत्या, घातपात वा परकीय सत्तांशी संगनमत यांचा कोणताही पुरावा या पत्रांत नाही. १९८८ साली सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयानेही झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, प्याताकोव्ह यांच्यावरील शिक्षा रद्द केल्या. मुख्य निर्णयास त्यामुळे बाध येत नाही. पण संपर्काच्या मुद्द्यावर आयोगाचे मत १९३७ च्या पुराव्यावर पूर्णपणे साधार होते आणि ते चुकीचे होते.

इतिहासकाराला येथे तीन वाक्ये लिहावी लागतात. १९३७ साली ते मत मांडण्यास आधार होता. १९८० नंतर तो आधार उरला नाही. आणि १९३७ सालीही ते मत असत्यच होते. पहिली दोन वाक्ये ड्यूईच्या परिभाषेत बसतात, आणि दोन्ही मिळून तो ज्याचा आग्रह धरी ती पुनर्तपासणीची वृत्ती उत्तम व्यक्त होते. तिसरे वाक्य त्या परिभाषेत लिहिता येत नाही. रॉर्टीच्या परिभाषेत त्याचा अर्थ दुसऱ्या वाक्यापुरताच उरतो. तरीही पहिल्या दोन वाक्यांमध्ये काय घडले हे समजण्यास तिसरे वाक्य हवे, कारण आधार बदलला तो पत्रे सापडल्यामुळे. आणि सापडण्यासाठी ती १९३२ पासून अस्तित्वात असावी लागली. गोल्ट्समानच्या बाजूने बोलणाऱ्यासही हेच वाक्य लागते. १९८८ साली त्याचे सहआरोपी निर्दोष झाले नाहीत. निर्दोष ते आधीच होते.

ही पत्रे १९८० पूर्वी एखाद्या आगीत भस्म झाली असती तर? मग शोध घेणारे सर्वजण कदाचित आयोगाच्याच मतावर कायमचे एकत्र आले असते, आणि पर्सच्या १८७८ च्या व्याख्येचा शब्दशः अर्थ घेतल्यास ते मत सत्य ठरले असते. कापसातील हिरा तो हाच. १९०५ साली 'द मॉनिस्ट' या नियतकालिकात पर्सने आपले जुने उत्तर मागे घेतले : ओरखडा कोणी काढला नाही तरी, काढला असता तर काय झाले असते ही वस्तुस्थितीच आहे, आणि हिरा कठीण होता. ड्यूईच्या तळटीपेत पर्सची १८७८ मधील व्याख्या आहे. हिऱ्याविषयीची ही दुरुस्ती नाही.